निवाऱ्यातल्या जनावरांच्या शस्त्रक्रियेचा खर्च

नवे घर मिळण्याची वाट पाहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचे रोजचे खाणे देणग्यांवर कसेबसे भागते. ओढाताण होते ती मोडलेल्या हाडात सळई बसवायची किंवा गाठ काढायची वेळ आली की. अहिल्यानगरहून त्यासाठी अनेकदा पुणे, शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबई गाठावी लागते. म्हणजे वाहनभाडे वेगळेच. जिल्ह्यातच, राहाता तालुक्यातील सावळीविहीर येथे, पशुवैद्यकीय महाविद्यालयाला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे.

मान्यताप्राप्त संस्थांना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे अनुदान मागता येते. कंपनी कायदा, 2013 च्या सातव्या अनुसूचीत प्राणिकल्याणाचा समावेश असल्याने कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही मिळू शकतो. मात्र लहान निवारे त्या कागदपत्रांतच अडकतात. क्रूरतेच्या गुन्ह्यात जप्त केलेल्या जनावराच्या देखभालीचा खर्च 2017 च्या नियमांनुसार मालकावर टाकता येतो. गोशाळांसाठी राज्याने 2024 मध्ये जाहीर केलेले दररोज 50 रुपये फक्त देशी गायींना आहेत. कुत्र्या-मांजरांना त्यातून काही नाही.

जुन्या करप्रणालीत, 80 जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर करवजावट मिळते. पण 2,000 रुपयांहून मोठी रोख देणगी त्यासाठी धरली जात नाही. रक्कम मोठी असल्यास ती रोख न देता धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी.