कुठलं ग्रीस वाजवायचं?

ग्रीक संगीत म्हटलं की आपल्याला 'झोर्बा द ग्रीक' आठवतो. 1964 च्या त्या चित्रपटातलं, संथ सुरू होऊन भरधाव सुटणारं 'सिर्ताकी' नृत्य मुळात परंपरेतलं नाहीच. ते चित्रपटासाठी बसवलेलं. परदेशात ग्रीक बँड काढणाऱ्यांना पहिली फर्माईश मात्र हमखास त्याचीच येते. नाकं मुरडत का होईना, ते बसवून ठेवलेलं बरं.

खरी अडचण वेगळीच आहे. पारंपरिक म्हणजे कुठल्या मुलखाचं? क्रीटला लिरा आणि लाऊतो हवं, एजियन बेटांवर व्हायोलिन, एपिरसच्या डोंगरांत पाच सुरांत घोळणारी क्लॅरिनेट. काळ्या समुद्राकाठून आलेल्या पाँटिक ग्रीकांचं वाद्य आणखी निराळं. हे सगळं एकाच बँडने वाजवणं म्हणजे एकाच पार्टीने लावणी, धनगरी ओव्या आणि गोव्याचा मांडो गाण्यासारखं. श्रोत्यांतले जाणकार पहिल्या दोन मिनिटांत ओळखतात.

म्हणून बरेच जण 'रेबेतिको'कडे, म्हणजे शहरी लोकगाण्याकडे, वळतात. बुझुकी, तिची चिमुकली बहीण बाग्लामास आणि एक गिटार एवढ्यावर मैफल उभी राहते. 1922 मध्ये स्मिर्ना, म्हणजे आजचं इझमिर, जळालं. पुढच्या वर्षी लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तानमध्ये लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला आणि आशिया मायनरमधले लाखो निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांचं गाणं आणि पिरेयस बंदरावरच्या अड्ड्यांवरचं गाणं एकमेकांत मिसळलं. मार्कोस वामवाकारिस या मिश्रणातला सर्वांत मोठा माणूस. 1936 नंतर हुकूमशहा मेताक्सासच्या राजवटीच्या सेन्सॉरने ध्वनिमुद्रिकांना कात्री लावली; त्याच संगीताला 2017 मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवलं.

पण ही परंपरा घडवण्यात परदेशाचाही हात होता. मारिका पापागिका 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नाइटक्लब चालवत होती आणि रेकॉर्डही करत होती. 1932 मध्ये तिथेच यानिस हालिकियासने वाजवलेली बुझुकीची तबकडी ग्रीसमध्ये गाजली, आणि या वाद्याला बाजार आहे हे तिथल्या कंपन्यांना कळलं. पुढे मेलबर्नमध्ये 1980 च्या दशकात जमलेली 'अपोदिमी कोम्पानिया' थेट ग्रीसलाच जाऊन वाजवू लागली. त्यामुळे 'तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय कळतंय' या टोमण्याकडे मी तरी दुर्लक्षच करेन.

वाद्य विकत घेतानाच निवड करावी लागते. जुन्या रेबेतिकोची बुझुकी तीन जोडतारांची. मानोलिस हियोतिसने 1950 च्या दशकात चार जोडतारांची रूढ केली. तिच्यावर गिटारसारखे कॉर्ड सहज येतात, पण तीन तारांवर सुराखाली सतत घुमत राहणारा षड्ज हरवतो. जुनं वाजवायचं असेल तर तीनच तारा घ्याव्यात.

मग ताल. 'कालामातियानोस' सात मात्रांचा, तीन-दोन-दोन. आपल्या रूपकची विभागणी हीच, फक्त रूपकची सम खालीवर येते आणि इथे पहिल्याच मात्रेवर पाय जोरात पडतो. 'झेबेकिको' नऊचा, दोन-दोन-दोन-तीन. नवा गिटारवाला शेवटची तिसरी मात्रा गिळतो, आणि नाचणारा अर्ध्या गिरकीत अडकतो. झेबेकिको एकट्याने नाचायचा असतो. ज्याने गाणं फर्मावलं, जमीन त्याची. बाकीचे गुडघ्यावर बसून टाळ्या देतात. त्याच्या अंगात मुरेल तेवढीच लय ठेवायची, स्टुडिओत ठरवलेली नव्हे.

लग्नात मात्र झेबेकिको दोन-तीनच पुरतात. रात्रभर लोकांना हात धरून गोलात फिरायचं असतं. त्यासाठी सिर्तोस आणि कालामातियानोस भरपूर लागतात, आणि गाणी एकापाठोपाठ एक, मध्ये न थांबता जोडायची तालीम आधी करावी लागते.