दमट उन्हाळ्यातील प्रसाधन

राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेल्या दिघीसारख्या गावात मे महिन्यात हवा इतकी दमट असते की घाम सहजी सुकत नाही, आणि त्यामुळे फाउंडेशनचा, म्हणजे त्वचेचा रंग एकसारखा दिसावा म्हणून लावायच्या लेपाचा, जाड थर लवकरच ओघळू लागतो. म्हणूनच सध्याचा हलक्या प्रसाधनाचा कल या किनाऱ्याला मानवणारा आहे : एसपीएफ ३० चे, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवणारे सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावे आणि त्यावर पाण्याने न पसरणारे काजळ व ओठांना फिकट रंग एवढेच ठेवावे. कपाळावर आधी मेण लावून त्यावर कोरडे कुंकू रेखण्याची जुनी मराठी रीत म्हणजे, जाहिराती काहीही म्हणोत, आजच्या प्रायमरचे, अर्थात रंग धरून ठेवणाऱ्या खालच्या थराचेच तत्त्व होय.