रायचूरची भाकरी

2024 साली दिवाळीचा पाडवा आणि कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस एकाच तारखेला आले, 2 नोव्हेंबरला. दर वर्षी या स्मरणदिनी हैदराबादेत नारायणगुड्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत वर्दळ असते. थडगी धुवायची, जमलं तर चुना द्यायचा, झेंडू-शेवंती वाहून मेणबत्त्या लावायच्या. तेलुगू माणसं याला ‘समाधुल पंडुग’ म्हणतात, म्हणजे चक्क समाध्यांचा सण.

माणूस गेल्याचं दुःख वेगळं आणि त्याच्यासाठी काही करायचं राहून गेलं, ही टोचणी वेगळी. टोचणी जास्त चिवट. कॅथलिक श्रद्धेत तिला एक वाट आहे: मृतासाठी मिस्सा अर्पण करण्याची सोय असल्याने त्याच्यासाठी अजून काहीतरी करता येतं. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळी मृतांसाठी अशी प्रार्थना करत नाहीत. मेलेला देवाच्या हाती, पुनरुत्थानाची आशा आपल्या हाती. मग राहून गेलेल्याचं करायचं काय? याचं एक मराठी उत्तर जुन्या निजामी मुलखातच मिळतं, पंडिता रमाबाईंच्या चरित्रात.

1874. दुष्काळात वणवण करणाऱ्या रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, रानात देह ठेवला. आई आणि भावंडं कशीबशी रायचूरला पोचली. आईला चालवेना. रमा सोळा वर्षांची. शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात ती भाकरी मागायला गेली, पण मागायची सवय नव्हती. तोंडातून शब्द फुटण्याआधी रडूच फुटलं. त्या बाईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन ती धावत आली, पण आईला खाण्याचं त्राणच उरलं नव्हतं. स्मशान तीन मैलांवर. तिरडीला दोन ब्राह्मण पुढे आले, तिसरा भाऊ, चौथी रमा. उंची कमी पडली म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पाठोपाठ बहीणही गेली.

पुढे 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे त्यावर वाद पुष्कळ झाले. ते इथे उगाळत नाही. बाप्तिस्मा झाला आणि मन निवलं, असं सोपं चित्र रमाबाई स्वतःही रंगवत नाहीत. ख्रिस्ती धर्म आधी हाती लागला, ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी भेटला, असा त्यांच्या 1907च्या आत्मनिवेदनाचा सूर आहे. जुनी माणसंही त्यांनी टाकली नाहीत. 1887चं त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक आईच्या, लक्ष्मीबाईंच्या, स्मृतीला अर्पण केलेलं आहे.

1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुलींचे हाल त्यांच्या कानावर आले, तेव्हा रायचूर पुन्हा वर आलं. स्वतःच्या उपासमारीची हकिगत त्यांनी याच सुमारास, वीसेक वर्षांनी, लिहिली. नुसती लिहिली नाही. तिकडे जाऊन शेकडो मुलींना आणलं आणि केडगावच्या आपल्या मुक्ती सदनात जेवूखाऊ घातलं, शिकवलं, कामाला लावलं. आईच्या तोंडी न गेलेला तो तुकडा या पंगतीला पोचला, असं मला वाटतं. सांत्वन म्हणजे पाठीवरून फिरणारा हात एवढंच धरून चाललो, तर रमाबाईंची श्रद्धा कळायची नाही. ती त्यांना बसू देत नसे.

1913च्या सुमारास मनोरमाबाई गुलबर्ग्याला मुलींची शाळा चालवू लागल्या. तेही निजामाच्याच राज्यात, रायचूरच्याच रेल्वेमार्गावर. नातीची शाळा आणि आजीचं स्मशान इतकं जवळ, हे रमाबाईंच्या मनात आलं नसेल असं मी मानत नाही.

1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. रमाबाईंची सगळी माणसं आता संपली होती. ऐकू कमी येत होतं, प्रकृती खालावली होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्याचं काम वर्षानुवर्षं चालू होतं. मुलीच्या मृत्यूनंतरही त्यांनी ते सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापून झालं.