हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल

सोलापूरची चादर ठाऊक नाहीं असें घर आपल्या जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. तिच्यावरील वेलबुट्टी ज्या जकार्ड यंत्रामुळें उठते, तें फ्रान्स देशांत १८०४ च्या सुमारास तयार झालें. त्याच्या जुन्या धर्तीच्या मागावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची एक लांब माळ फिरत असते. पत्त्यावर जेथें भोंक असेल तेथील ताण्याचा धागा उचलला जातो. जेथें नसेल तेथील खालींच राहतो. सारी नक्षी म्हणजे ‘भोंक आहे’ आणि ‘भोंक नाहीं’ या दोनच खुणांचा विस्तार होय.

विद्यार्थिमित्रांनो, संगणकाची हार्ड डिस्क हीहि अशीच दोन खुणांची माळ आहे. तिच्या एकेका पत्त्यास सेक्टर म्हणतात. त्यांत बहुधा ५१२ किंवा ४०९६ बाइट मावतात. डिस्क जुनी झाली म्हणजे तिची सर्व माळ नव्या डिस्कवर उतरून घेतात. यासच क्लोनिंग म्हणतात. नुसत्या फाइली उचलून नेल्या तर संगणक सुरू करणारी मांडणी मागें राहते; क्लोनिंगमध्यें तीहि येते. काम सोपें दिसतें, पण त्यांत चार ठिकाणीं माणूस अडतो.

पहिली अडचण दिशेची. मूळ कोणती व नवी कोणती, याची गल्लत झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सर्व संग्रह नाहींसा होतो. म्हणून आरंभापूर्वीं दोहोंचें नांव, क्रमांक व आकारमान कागदावर लिहून पडद्यावरील नोंदीशीं ताडून पाहावें.

दुसरी अडचण काम मध्येंच थांबण्याची. प्रथम साध्या कारणांकडे वळावें: केबल सैल असेल, लॅपटॉपला चार्जर लावावयाचा राहिला असेल. तसें नसल्यास मूळ डिस्कचे कांहीं सेक्टर खराब झाले असावेत. फाटका पत्ता पुनःपुन्हां ओढला तर अधिकच फाटतो. तद्वत् आजारी डिस्क वारंवार वाचावयास लावूं नये. डीडीरेस्क्यू नांवाचें मोफत साधन आधीं धड भाग उतरून घेतें व खराब जागांकडे मागाहून वळतें. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र वीज बंद करून जाणत्याकडेच जावें.

तिसरी अडचण आकारमानाची. नवी डिस्क एका सेक्टरानेंहि लहान असेल तर पूर्ण माळ तीवर मावत नाहीं. वेष्टनावरील आंकडा तोच असला तरी आंतील सेक्टरांची संख्या पाहावी. नवी मोठी असल्यास शेवटची जागा रिकामी दिसते. तो बिघाड नव्हे, विभाग वाढवून ती वापरतां येते. मात्र एमबीआर या जुन्या मांडणींत, सेक्टर ५१२ बाइटांचे असतां, सुमारें २ टीबीपलीकडील जागा उपयोगांत येत नाहीं. तेथें जीपीटी मांडणी लागते.

चौथी अडचण म्हणजे नक्कल पूर्ण होऊनहि संगणक तीवरून सुरू न होणें. पुष्कळदां जुनी डिस्क जोडलेलीच असते आणि दोहोंची ओळखखूण एकच असल्यामुळें घोटाळा होतो. संगणक बंद करून जुनी काढावी व एकटी नवी लावून पाहावी. तरीहि न जमल्यास मूळ मांडणी एमबीआर होती कीं जीपीटी, आणि तिला साजेसा लेगसी किंवा यूईएफआय पर्याय निवडला आहे कीं नाहीं, हें तपासावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्रानें ‘काम पूर्ण’ असें सांगितलें म्हणून नक्कल खरी ठरत नाहीं. पत्त्यांच्या माळेंतील एक चुकीचें भोंक दिसून येतें तें कापड विणल्यावरच. तसेंच नव्या डिस्कवरून संगणक चालवावा. छायाचित्रें, हिशेब, निबंध प्रत्यक्ष उघडून पाहावे. दोन्ही डिस्कांचे चेकसम ताडावयाचे असतील तर ते नवी डिस्क सुरू करण्यापूर्वींच ताडावे, कारण सुरू होतांच तीवर नव्या नोंदी पडूं लागतात.

कित्येक कुटुंबांत आजीआजोबांचीं छायाचित्रें आज एकाच डिस्कवर आहेत. तेव्हां पालकहो, नव्या डिस्कची अशी परीक्षा होईपर्यंत जुनी पुसूं नका, विकूं नका, कोणास देऊंहि नका. ती कपाटांत महिनाभर पडून राहिली तर कांहींच बिघडत नाहीं. पण घाईनें पुसलेलें एखादें छायाचित्र मग कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.