शेवटची फवारणी कधी झाली?

चांदणी चौक ओलांडला की भूगाव, पिरंगुट, पौड. मुळशीच्या मळ्यात पहाटे काढलेली मेथी-वांगी दुपारच्या आत पुण्याच्या स्वयंपाकघरात पोचू शकतात. पण या भाजीबद्दल घरोघर काही चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज : ताजी, गावची भाजी म्हणजे निर्धोक.
वस्तुस्थिती : फवारलेले औषध ऊन, पाऊस आणि पिकाच्या वाढीबरोबर हळूहळू उतरते. म्हणून औषधाच्या लेबलावर फवारणी व काढणी यांतले दिवस दिलेले असतात. क्लोरअँट्रानिलिप्रोल हे एकच औषध घ्या : कोबीला 3 दिवस, वांग्याला 22. वांग्याचा तोडा मात्र दर काही दिवसांनी येतो. तो सोडून देणे शेतकऱ्याच्या जिवावर येते आणि तिथेच चूक घडते.

गैरसमज : औषधाचा अंश सापडला म्हणजे भाजी विषारी.
वस्तुस्थिती : प्रश्न प्रमाणाचा आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पीक आणि औषध पाहून कमाल मर्यादा ठरवल्या आहेत. त्या ओलांडणे हा खरा दोष.

गैरसमज : मीठ-सोड्याच्या पाण्यात सगळे निघून जाते.
वस्तुस्थिती : वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने पृष्ठभागावरचे बरेचसे जाते, म्हणून धुवाच. पण इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे पेशींत भिनतात. ती धुऊन निघत नाहीत. साबण मात्र कधीच वापरू नका.

गैरसमज : पानाला भोक, म्हणजे भाजी सेंद्रिय.
वस्तुस्थिती : भोक एवढेच सांगते की अळीने पान खाल्ले. औषधाला न जुमानणारी अळी फवारलेल्या पिकावरही जगते. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालावर 'जैविक भारत' चिन्ह पाहा.

गैरसमज : अंश तपासण्याची सोय आपल्याकडे नाही.
वस्तुस्थिती : पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अंश तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. युरोपला जाणारी द्राक्षे तपासणीनंतरच जहाजात चढतात.

तीच काळजी आपल्या ताटातल्या भाजीलाही मिळायला हवी. मुळशीचा शेतकरी आपल्याला समोरासमोर भेटू शकतो. त्याला भाव विचारण्याआधी विचारा, "दादा, शेवटची फवारणी कधी झाली?" आणि जो दिवस मोजून थांबला, त्याला दोन रुपये जास्त द्या. त्याने सोडलेल्या तोड्याची ती किंमत आहे.