जुन्या पीसीचा घरचा सर्व्हर, तोही खान्देशच्या उन्हात

माळ्यावर पडलेला जुना आय-थ्री पीसी भंगारात देऊ नका. ४ जीबी रॅमवरही डेबियन लिनक्सवर बेतलेलं, फुकट सर्व्हर सॉफ्टवेअर ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ मस्त चालतं. वर जेलिफिन हा मीडिया सर्व्हर टाका, की लग्नाच्या सीडीतून उतरवलेले व्हिडिओ, अहिराणी गाणी थेट टीव्हीवर! फोरके फाइल मात्र टीव्हीलाच उलगडू द्या. जुन्या प्रोसेसरला ते झेपत नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात. जळगाव-धुळ्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि बऱ्याच हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंश. बंद कपाटात ठेवलात तर संपलंच. डिस्कसमोर १२० मिमीचा पंखा लावा, डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदींमध्ये तापमान बघत राहा. लाइट गेल्यावर मशिन नीट बंद व्हावं म्हणून यूपीएस हवाच. शिवाय अनेक डिस्क जोडून केलेलं रेड म्हणजे बॅकअप नव्हे, फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.