गादी, गाळा आणि सीट : सामायिक कचेऱ्यांच्या परिभाषेतील एक प्रश्न

व्यापाराच्या जागेसाठी मराठीत रूढ असलेली नावे पाहिली असता त्यांचे स्थूलमानाने दोन गट पडतात. ‘गादी’, ‘पेढी’, ‘बैठक’ हे शब्द व्यापारी ज्यावर बसतो त्या आसनावरून आलेले आहेत. ‘पेढी’चे नाते ‘पीठ’ या शब्दाशी आहे. (इटालियन भाषेत ‘बांको’ म्हणजे बाक, ‘बँक’ त्यावरूनच आली. तेव्हा ही कल्पना केवळ आपल्याकडची नव्हे.) याउलट ‘खण’ आणि ‘गाळा’ हे शब्द इमारतीचे आहेत. दोन खांबांमधील मोकळी जागा तो गाळा. आसन उचलता येते, गाळा उचलता येत नाही. आणि लहान व्यावसायिकाच्या हक्काचा प्रश्न नेमका या भेदाशी निगडित आहे.

अनेक लहान व्यवसायांनी एकच कचेरी वाटून घेण्याच्या पद्धतीस आज ‘को-वर्किंग’ म्हणतात. या नावाने तिचा आरंभ ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे केला. पुण्या-मुंबईतील अशा कचेऱ्यांत मोजणीचे एकक बहुधा ‘सीट’ हे असते. आसनवाचक शब्द असा पुन्हा परतला आहे. मात्र तेथे बसणारा आता ‘भाडेकरू’ नसून ‘सभासद’ असतो.

कायद्याच्या दृष्टीने भाडेपट्टा म्हणजे जागेच्या उपभोगाच्या हक्काचे हस्तांतरण. परवाना, म्हणजे शासकीय मराठीतील ‘अनुज्ञप्ती’, ही केवळ संमती. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार तिने जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. परंतु दस्तऐवजात ‘परवाना’ लिहिले की परवानाच झाला, असे नव्हे. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या १९५९ च्या खटल्यात दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातील दोन खोल्या केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिलेल्या होत्या. लेखात शब्द परवान्याचा होता, तरी खोल्यांचा अनन्य ताबा दिलेला असल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो भाडेपट्टा ठरविला. संज्ञेपेक्षा व्यवहार प्रमाण मानला गेला, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकांनी अवश्य लक्षात घ्यावी.

पुढे महाराष्ट्राने १९७३ साली मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरू मानले. अट अशी की, जागा ‘एका खोलीहून कमी नसावी’. दुसऱ्याचा चालू धंदा चालविणारा या व्याख्येतून वगळला होता. प्रस्तुत लेखकास ही खोलीची अट फार बोलकी वाटते, कारण टेबल हे खोलीहून कमीच. त्या वेळी संरक्षणाचे लहानात लहान परिमाण खोली हे होते. आजचा सभासद एका खुर्चीचे पैसे भरतो, तीही पुष्कळदा रोज बदलते. तेथे अनन्य ताबा कशाचा म्हणावा?

बोलीने मात्र हा बदल स्वीकारलेला नाही. करारात ‘परवाना शुल्क’ असले तरी लोक ‘भाडे’च म्हणतात, आणि त्या शब्दाबरोबर भाडेकरूच्या जुन्या सुरक्षिततेची अपेक्षाही मनात राहते. प्रत्यक्षात चालक पुष्कळदा स्वतःच दीर्घ मुदतीचा भाडेकरू असतो व जागा अल्प मुदतीने पुढे देतो. याच पद्धतीवर वाढलेल्या ‘वीवर्क’ या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि अनेक इमारतींचे भाडेपट्टे सोडून दिले. आपल्याकडे तर वर उल्लेखिलेल्या अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे, परवाना देणाऱ्याने मिळकत हस्तांतरित केल्यास नव्या मालकावर तो परवाना केवळ त्या नात्याने बंधनकारक राहत नाही.